जुन्या व्हिडिओ गेम आणि आर्केड मशीनचे मेळावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या मेळाव्यांत नेमके काय होते?

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते सायंकाळी सहा या वेळेत आमच्या मंडळाचे सदस्य पुण्यातील एका शाळेच्या सभागृहात आपापली जुनी मशीन, कॅसेटचे गेम आणि डबा टीव्ही (पिक्चर ट्यूब असलेले जुने, जाड टीव्ही) मांडतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते खेळू देतात. काचेआड मांडलेले आणि लांबून बघायचे असे येथे काहीही नसते. साधारणपणे १९७८ ते २००५ या काळातील गेम ज्या यंत्रांसाठी तयार झाले त्याच यंत्रांवर, ज्या पडद्यासाठी तयार झाले त्याच प्रकारच्या पडद्यावर आणि शेजारी बसलेल्या माणसाबरोबर खेळता यावेत, एवढ्यासाठी हे मंडळ चालवले जाते. यांतील तिसरी गोष्ट आम्हांला पहिल्या दोन गोष्टींइतकीच महत्त्वाची वाटते.

मला यातले काहीच येत नाही. तरी यावे का?

अवश्य यावे. आर्केड मशीनवरचे गेम मुळात अनोळखी माणसासाठीच बनवलेले होते. रस्त्याने जाणारा माणूस आत आला, त्याने नाणे टाकले आणि कोणाचीही मदत न घेता त्याला अर्ध्या मिनिटात खेळ समजला, तरच त्या मशीनचा धंदा होत असे. त्यामुळे एक दांडा आणि एक-दोन बटणे यांपलीकडे फारसे काही शिकावे लागत नाही. प्रत्येक मशीनपाशी मंडळाचा एक सदस्य उभा असतो आणि विचारल्यास तो मनापासून समजावून सांगतो. न विचारता सूचना देत राहू नये, हे मात्र आम्ही सर्व सदस्यांना बजावलेले आहे, कारण पहिल्यांदा खेळणाऱ्याला स्वतः चुकून शिकण्याचा आनंद मिळायला हवा.

मुली आणि स्त्रिया येतात का?

येतात, आणि त्यांनी अधिक संख्येने यावे यासाठी आम्ही जाणीवपूर्वक प्रयत्न करतो. नव्वदच्या दशकात आपल्या गावांतील आणि शहरांतील गेम पार्लर म्हणजे पानटपरीशेजारचा, पडदा लावलेला, अंधारा गाळा असे, आणि तेथे घरच्यांना न सांगता जाणारी मुलेही धास्तावलेली असत. मुलींना तर त्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकण्याचीही सोय नव्हती. भावाने घरी आणलेल्या गेमचा दुसरा रिमोट हातात मिळाला तरच त्यांचा या खेळांशी संबंध आला. परिणामी आज चाळिशीत असलेल्या अनेक स्त्रियांना घरचे गेम उत्तम येतात, पण आर्केड मशीनचा दांडा त्यांनी कधी हातातच धरलेला नाही. ही उणीव आपण आता तरी भरून काढावी असे आम्हांला वाटते. म्हणून सभागृह उजेडाचे असते, मशीन भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात न ठेवता मधोमध ठेवली जातात, आणि शिवीगाळ किंवा शेरेबाजी करणाऱ्यास त्याच क्षणी बाहेर जाण्यास सांगितले जाते. या नियमाला जुन्या सदस्यांचाही अपवाद नाही.

प्रवेशशुल्क किती आहे? टोकन घ्यावे लागते का?

प्रवेश विनामूल्य आहे आणि सर्व मशीन विनानाणे चालू ठेवलेली असतात. दाराशी देणगीपेटी असते. तिच्यातील रक्कम सभागृहाचे भाडे, टेम्पो आणि दुरुस्तीचे सुटे भाग यांवर खर्च होते व तिचा हिशेब पुढच्या मेळाव्यात फळ्यावर लिहिला जातो.

कोणते गेम खेळायला मिळतात?

मांडणी दर महिन्याला थोडी बदलते, परंतु काही गेम कायम असतात. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी तयार केलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आम्ही नेहमी दाराजवळ ठेवतो, कारण त्यात एक अशी गोष्ट आहे जी प्रत्येकाने डोळ्यांनी पाहावी. पडद्यावर पाच ओळींत पंचावन्न परग्रहवासी असतात आणि त्या काळचा प्रोसेसर एका वेळी त्यांच्यापैकी एकालाच हलवू शकत असे. जसजसे आपण त्यांना टिपत जातो, तसतसे प्रोसेसरचे काम कमी होते आणि उरलेले अधिकाधिक वेगाने अंगावर येऊ लागतात. शेवटचा एकटा उरलेला तर अक्षरशः धावतो. यंत्राच्या मर्यादेतून आलेला हा वाढता वेग निशिकादो यांनी तसाच राहू दिला, आणि पुढे खेळ हळूहळू कठीण होत जाणे हा व्हिडिओ गेमचा सर्वमान्य नियमच होऊन बसला.

त्याशेजारी तोरू इवातानी यांचा १९८० चा ‘पॅक-मॅन’ असतो. त्याची पातळी मोजणारा आकडा आठ बिटांचा, म्हणजे २५५ पर्यंतच मोजू शकणारा, असल्यामुळे २५६ व्या पातळीवर अर्धा पडदा अक्षरांच्या आणि आकड्यांच्या गिचमिडीने भरून जातो व खेळ पुढे सरकत नाही. तेथवर पोहोचण्यासाठी कित्येक तास न चुकता खेळावे लागते. १९९१ चा ‘स्ट्रीट फायटर २’, निओ जिओ या यंत्रावरील ‘मेटल स्लग’ आणि ‘किंग ऑफ फायटर्स ९७’, तसेच प्लेस्टेशनवरील ‘टेकन ३’ यांच्यासमोर दुपारनंतर मोठी रांग लागते; शांतपणे खेळायचे असल्यास सकाळी यावे.

‘मुस्तफा’ आहे का?

हा प्रश्न आम्हांला इतर कोणत्याही प्रश्नापेक्षा अधिक वेळा विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. महाराष्ट्रात ज्याला सर्वजण ‘मुस्तफा’ म्हणतात, तो गेम म्हणजे कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. त्यात निवडण्यासाठी चार पात्रे आहेत, परंतु पिवळी टोपी घातलेला, सर्वांत चपळ आणि धावत येऊन लाथ मारणारा मुस्तफा कैरो आपल्याकडच्या पोरांना इतका आवडला की गेमलाच त्याचे नाव पडले. एका वेळी तिघे जण बरोबरीने खेळू शकत असल्यामुळे एका मशीनभोवती तीन खेळणारे आणि त्यांच्या मागे सल्ले देणारे असा घोळका जमत असे.

होय, तो आमच्याकडे आहे, परंतु प्रत्येक मेळाव्यात तो चालू असेलच याची खात्री देता येत नाही. या गेमच्या अस्सल बोर्डावर, म्हणजे मशीनच्या आत असलेल्या सर्किटच्या पाटीवर, कॅपकॉमने एक बॅटरी बसवलेली होती आणि बोर्डाला चालण्यासाठी लागणाऱ्या काही नोंदी त्या बॅटरीच्या आधारानेच चिपमध्ये टिकून राहत. बॅटरी संपली की त्या नोंदी पुसल्या जातात आणि एरवी पूर्णपणे धडधाकट असलेला बोर्ड निकामी होतो. नक्कल रोखण्यासाठी केलेल्या या उपायाची सर्वांत मोठी झळ शेवटी अस्सल बोर्ड जपणाऱ्यांनाच बसली. आपल्याकडच्या पार्लरमधील अनेक बोर्ड मुळात अनधिकृत नकला होत्या. त्यांना ही बॅटरी नसल्यामुळे त्यांच्यापैकी काही आजही चालतात, मात्र त्यांचे संगीत अस्सल बोर्डापेक्षा ऐकू येण्याइतके हलके असते. मंडळाकडील अस्सल बोर्डाची बॅटरी आमचे दुरुस्ती करणारे सदस्य मुदतीपूर्वीच बदलतात, पण तीस वर्षांहून जुन्या सोल्डरचे सांधेही अधूनमधून सुटतात. बोर्ड आजारी असेल त्या महिन्यात तो आणला जात नाही.

लहानपणी आमच्या घरी टीव्हीला जोडायचा ‘टर्मिनेटर’ होता. तो खरा कोणत्या कंपनीचा गेम होता?

निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली जपानमध्ये फॅमिली कॉम्प्युटर, म्हणजेच फॅमिकॉम, हे यंत्र आणले. त्याच्या आतल्या रचनेची नक्कल तैवान आणि चीनमधील कारखान्यांनी मोठ्या प्रमाणावर केली आणि ती यंत्रे वेगवेगळ्या नावांनी भारतात आली. आपल्या घरातील यंत्राचा डबा बाहेरून सेगा कंपनीच्या यंत्रासारखा दिसत असला, तरी आत बहुधा फॅमिकॉमच होते, आणि म्हणूनच त्याच्या साठ पिनांच्या कॅसेट एकमेकांच्या यंत्रात चालत. ‘९९९९ इन १’ असे लिहिलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजकेच गेम असत. तोच गेम वेगळ्या स्टेजपासून किंवा जास्त लाईफ देऊन पुन्हा पुन्हा यादीत टाकलेला असे. ‘कॉन्ट्रा’ त्या यादीत किती वेळा येतो हे मोजण्याचा उद्योग आमच्याकडे येणारी मुले अजूनही करतात.

नक्कल होती म्हणून आम्ही या यंत्रांना कमी लेखत नाही. अस्सल यंत्र मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर होते आणि या नकलांमुळेच एका पिढीला हे खेळ खेळायला मिळाले. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ चा गेम अवघ्या चाळीस किलोबाइटमध्ये बसवलेला आहे, आणि जागा वाचवण्यासाठी त्यातील आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे यांसाठी एकच चित्र रंग बदलून वापरलेले आहे, हे एकदा दाखवून दिले की तो गेम शेकडो वेळा खेळलेली माणसेही पडद्याजवळ जाऊन पुन्हा पाहतात.

आपण डबा टीव्हीच का वापरता? मोठ्या एलईडी टीव्हीवर चित्र अधिक स्पष्ट दिसणार नाही का?

अधिक स्पष्ट दिसेल, पण योग्य दिसणार नाही. त्या काळच्या चित्रकारांनी प्रत्येक ठिपका डबा टीव्हीवर कसा पसरेल, शेजारच्या रंगात कसा मिसळेल आणि दोन आडव्या रेषांमधील अंधार कसा दिसेल, हे पाहून चित्रे काढली. तेच चित्र सपाट पडद्यावर ताणले की चेहऱ्याच्या जागी चौकोन दिसू लागतात.

दिसण्यापेक्षाही मोठा फरक वेळेचा आहे. डबा टीव्हीवर यंत्राकडून आलेला संदेश जवळजवळ त्याच क्षणी रेषेरेषेने पडद्यावर उमटतो. नव्या टीव्हीत मात्र आधी चित्र साठवले जाते, मोठे केले जाते आणि मग दाखवले जाते. हा उशीर सेकंदाच्या काही शतांश भागांचा असला, तरी उडी मारण्याचे बटण दाबल्यावर मारिओ खड्ड्यात पडतो आणि आपल्याला वाटते की वय झाल्यामुळे हात चालत नाही. डबा टीव्हीसमोर बसल्यावर तोच हात पुन्हा चालू लागतो, हा अनुभव आम्ही प्रत्येक मेळाव्यात पाहतो.

बदकांवर नेम धरण्याची बंदूक तर नव्या टीव्हीवर चालतच नाही. ट्रिगर दाबल्याबरोबर पडदा क्षणभर काळा होतो, पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतील प्रकाशसंवेदक त्या नेमक्या क्षणी उजेड दिसला की नाही एवढेच पाहतो. नव्या टीव्हीवर तो चौकोन उशिरा उमटतो, तोवर यंत्राने नेम चुकल्याचे ठरवलेले असते.

आणखी एक बाब जाणकारांसाठी. भारतात टीव्हीच्या चित्रासाठी पाल ही पद्धत असल्यामुळे आपल्याकडचे जुने टीव्ही सेकंदाला पन्नास वेळा चित्र बदलत, तर जपान आणि अमेरिकेतील गेम साठच्या हिशेबाने बनवलेले होते. ज्या गेममध्ये हा फरक भरून काढलेला नव्हता, ते पाल यंत्रांवर सुमारे एक षष्ठांश संथ चालत. त्यामुळे एखाद्या गेमचे संगीत आपल्याला आमच्या मेळाव्यात घाईने वाजल्यासारखे वाटले, तर ते मूळ गतीने वाजत आहे असे समजावे; आपल्या आठवणीतील गती पाल यंत्राची असते. दोन्ही पद्धतींची यंत्रे शेजारी शेजारी लावून आम्ही हा फरक ऐकवतो.

हे सर्व गेम मोबाईलवर एम्युलेटर टाकून फुकट खेळता येतात. मग इतका खटाटोप कशासाठी?

एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, ही फार मोलाची गोष्ट आहे. बोर्ड नष्ट झाले तरी गेम उरावा, याची खात्री एम्युलेटर लिहिणाऱ्या प्रोग्रामकर्त्यांच्या चिकाटीमुळेच मिळालेली आहे. परंतु मोबाईलच्या काचेवर दांडा नसतो, आणि मुख्य म्हणजे शेजारी कोणी नसते. ‘स्ट्रीट फायटर २’ मध्ये समोरचा खेळाडू आपल्या कोपरापासून वीतभर अंतरावर उभा असतो. त्याचा श्वास, त्याची बटणांवरची घाई आणि हरल्यावर त्याने मागे वळून मित्राकडे पाहणे हे सगळे त्या खेळात मोडते. गेमची फाईल जपता येते, पण हा भाग जपायचा असेल तर माणसांना एका खोलीत जमावे लागते, दुसरा मार्ग नाही.

गेमच्या रॉम फाईल (कॅसेटमधील किंवा बोर्डावरील गेमची संगणकीय प्रत) उतरवून घेणे कायदेशीर आहे का?

भारतात संगणक प्रोग्राम हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली साहित्यकृती म्हणून संरक्षित आहेत. कलम ५२ नुसार प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे, त्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून राखीव प्रत करता येते. इंटरनेटवरून कोणाचीही फाईल उतरवून घेण्याची मुभा त्यातून मिळत नाही. गेम जुना झाला किंवा दुकानात मिळेनासा झाला म्हणून तो आपोआप सर्वांचा होत नाही. म्हणून मेळाव्यात फाईलींची देवाणघेवाण करू नये आणि सदस्यांकडे त्या मागू नयेत, ही विनंती आहे.

माझी जुनी कॅसेट चालत नाही. फुंकर मारावी का?

मारू नये. फुंकरीने काही होत नसे; कॅसेट काढून पुन्हा बसवली की पिनांचा संपर्क नव्याने जुळत असे आणि श्रेय फुंकरीला मिळत असे. उलट श्वासातील ओलाव्यामुळे पिनांवर गंज चढतो. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलकीशी भिजवून पिनांवरून लांबीच्या दिशेने फिरवावी, काडी काळी झाली की दुसरी घ्यावी, आणि काडी स्वच्छ निघू लागेपर्यंत हे करावे. मग पूर्ण वाळू देऊन कॅसेट लावावी. सॅंडपेपर किंवा खोडरबर जोराने घासल्यास पिनांवरील पातळ मुलामा निघून जातो. मेळाव्यात एका टेबलावर हे काम दिवसभर चालते. आपली कॅसेट घेऊन यावी, आम्ही आपल्याकडूनच ती स्वच्छ करवून घेऊ.

प्लेस्टेशन उलटे ठेवल्यावरच सीडी वाचते, ही तक्रारही खरी असते. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये लेन्स ज्या प्लास्टिकच्या रुळावर सरकते तो झिजतो आणि लेन्स कलते. उलटे ठेवून काम भागते, पण ते कायमचे औषध नाही.

परदेशातून आणलेले यंत्र थेट आपल्या प्लगमध्ये लावता येईल का?

आधी यंत्रावरील किंवा अडॅप्टरवरील पट्टी वाचावी. जपानमध्ये शंभर व्होल्ट आणि अमेरिकेत एकशेवीस व्होल्ट वीज असते, आपल्याकडे दोनशेतीस. त्या देशांतील जुने यंत्र थेट लावल्यास ते जळू शकते; व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये घ्यावाच लागतो. अडॅप्टर बदलताना केवळ व्होल्ट जुळवून चालत नाही. फॅमिकॉमला पिनेच्या मध्यभागी ऋण टोक लागते, तर आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरमध्ये ते धन असते. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत योग्य अडॅप्टर मिळतो, पण दुकानदाराला यंत्र दाखवून मगच घ्यावा.

डबा टीव्ही मी स्वतः उघडून दुरुस्त करू शकतो का?

करू नये. पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो बराच काळ टिकून राहू शकतो. हे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या मेकॅनिककडेच द्यावे. असे मेकॅनिक आता थोडे उरले आहेत. आपल्या परिसरात कोणी असतील तर आम्हांला जरूर कळवावे, त्यांच्याकडून शिकण्यास आमचे तरुण सदस्य उत्सुक आहेत.

स्पर्धा आणि बक्षिसे असतात का?

दुपारी चार वाजता छोटी स्पर्धा असते आणि विजेत्याचे नाव फळ्यावर लागते. पैशाची पैज कोणत्याही स्वरूपात चालणार नाही, अगदी चहाची किंवा वडापावचीही नाही. व्हिडिओ गेमच्या आडून चाललेल्या जुगारामुळेच पार्लरांची बदनामी झाली आणि पालकांचा विश्वास उडाला. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, परंतु कायदा नसता तरी आमचा नियम हाच राहिला असता. इतर वेळी ‘हरला तो उठला’ हीच पद्धत असते, आणि सलग तीन वेळा जिंकणाऱ्यानेही जागा सोडायची असते.

लहान मुलांना आणावे का?

आणावे. दहा वर्षांखालील मुलांसोबत मोठे माणूस असावे. मारामारीचे गेम एका बाजूला वेगळे मांडलेले असतात. कुटुंबात कोणाला फिट येण्याचा त्रास असल्यास लुकलुकणाऱ्या पडद्यांपासून दूर राहावे आणि आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. यांतील काही गेममध्ये स्फोटाच्या वेळी संपूर्ण पडदा उघडझाप करतो.

माळ्यावर जुना गेम पडून आहे. तो आपण घ्याल का?

घेऊ, परंतु आधी आपणच तो एकदा मेळाव्यात आणून चालवून पाहावा असे सुचवतो. पुष्कळ जण देण्यासाठी येतात आणि परत घरी घेऊन जातात, आणि आम्हांला त्याचाच अधिक आनंद होतो. मंडळ खरेदी-विक्री करत नाही. विकायचाच असल्यास जुन्या बाजारात जाण्यापूर्वी वस्तू सदस्यांना दाखवावी, म्हणजे ती अस्सल आहे की नक्कल हे कळेल. न चालणारी यंत्रेही भंगारात देऊ नयेत. त्यांतील बटणे, पिनांचे सॉकेट आणि पिक्चर ट्यूब यांमुळे दुसरे यंत्र जगते.

आमच्या गणेशोत्सव मंडळात किंवा सोसायटीत मशीन आणाल का?

सोसायटीचे बंद सभागृह आणि तळमजला असल्यास आनंदाने आणू. दोन महिने आधी कळवावे. आर्केड मशीन शंभर किलोच्या आसपास जड असते, ते आडवे करून नेता येत नाही आणि जिन्यावरून चढवताना पिक्चर ट्यूबच्या मानेला धक्का बसल्यास ते कायमचे जाते. उघड्या मांडवात मात्र आम्ही मशीन लावत नाही. भाद्रपदातील दमट हवा, जनरेटरचा वरखाली होणारा दाब आणि स्पीकरच्या भिंतीशेजारी ठेवलेला डबा टीव्ही, ज्याच्या चित्रावर स्पीकरमधील चुंबकामुळे रंगांचे डाग पडतात, या तिन्ही गोष्टी जुन्या यंत्रांना मानवत नाहीत. मांडवासाठी विचारणा झाल्यास आम्ही कॅसेटचे दोन गेम, दोन लहान टीव्ही आणि स्टॅबिलायझर घेऊन दुपारच्या वेळी येतो आणि सायंकाळच्या आरतीपूर्वी सामान आवरतो.